कानबाईच्या आदल्या रात्री अडकलेलं साइन-इन

नागपंचमी होऊन गेली होती, श्रावणातला शनिवार होता. पारोळा तालुक्यातल्या आमच्या सासरच्या घरात मोठ्या जाऊबाई नैवेद्याच्या रोटांचे गहू मोजत होत्या. आमच्याकडे माणसागणिक सव्वा मूठ घेतात. एकेकाचं नाव घेऊन त्या मूठ सुपात टाकत होत्या, सुरतला असलेल्यांची, पुण्याला असलेल्यांची, गेल्या महिन्यात जन्मलेल्या बाळाचीसुद्धा. मी ओसरीवर कॅमेरा आणि फोन मांडून बसले होते. दुसऱ्या दिवशी, रविवारी, आमची खानदेशातली देवी कानबाई बसणार होती.

कामाच्या आदल्या दिवशी कॅमेऱ्यातून फोनवर एक तरी फोटो पाठवून बघायचा, ही माझी अकरा वर्षांची सवय. अमळनेरला माझा छोटा स्टुडिओ आहे. बारशी, डोहाळजेवणं, हळदी ही माझी मुख्य कामं. आतल्या खोलीत बायकांमध्ये बसून फोटो काढायला बाईमाणूस असलं की घरातल्यांना बरं वाटतं, म्हणून मला बोलावतात. आजकाल हळद लागते न लागते तोच फोटो मागितले जातात, त्यामुळे कॅमेऱ्याचं फोनमधलं अ‍ॅप हे माझ्यासाठी लेन्सइतकंच महत्त्वाचं झालं आहे. त्या संध्याकाळी अ‍ॅप उघडलं, तर कॅमेऱ्याचं नाव दाखवणारी नेहमीची पाटी नव्हतीच. अ‍ॅप रात्रीत आपोआप अपडेट झालं होतं आणि आता म्हणत होतं, आधी साइन इन करा. तीन वर्षं हे अ‍ॅप मी कधीही साइन इन न करता वापरलं होतं.

यावेळी एवढी तळमळ का होती, तेही सांगते. आमच्या चुलत सासूबाई, सगळे त्यांना मोठीमाय म्हणतात, सुरतला मुलाकडे असतात. कानबाईच्या जागरणाला गाणी उचलायच्या त्या. त्यांनी ओळ धरली की मग बाकीच्या बायका मागे म्हणायच्या. यंदा खुब्याचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी प्रवासाला नाही म्हटलं. आठ दिवस आधी त्यांचा फोन आला होता, "बेटा, यंदा माले येवाले जमाव नही. कानबाईनं तोंड तेवढं दखाडजो." मी हो म्हटलं होतं. फोनच्या कॅमेऱ्यानं फोटो काढून पाठवता आला असता, पण समईच्या उजेडात फोन जो फोटो काढतो त्यात कानबाईचं तोंड पिवळ्या डागासारखं येतं, हे मी गेल्या वर्षी पाहिलं होतं. तिचे चांदीचे डोळे, नथ, कपाळावरचं कुंकू हे सगळं नीट दिसायला माझी ५० मिलीमीटरची लेन्स हवी होती.

कार्ड रीडर होताच माझ्याकडे. सगळं फसलं असतं तर तो वापरला असता. पण खच्चून भरलेल्या खोलीत, हळदी-कुंकवानं माखलेल्या हातांनी सारखं कार्ड काढायचं आणि घालायचं मला नको होतं. एका हळदीच्या कार्यक्रमात असंच घाईत काढलेलं कार्ड बिघडलं होतं, आणि त्या घरच्या आजीचे फोटो त्यात गेले ते गेलेच. तेव्हापासून कार्यक्रम संपेपर्यंत मी कार्डाला हात लावत नाही.

साइन-इनचं बटण दाबलं. नेटवर्कमध्ये अडचण आहे, अशा अर्थाची इंग्रजी ओळ आली. पहिल्यांदा मी फोनची तारीख आणि वेळ बघितली. ही सवय मला पारोळ्याच्या एका व्हिडिओ शूटिंगवाल्या मित्रामुळे लागली. गेल्या वर्षी त्याच्या फोनवर कुठलंच साइन-इन होत नव्हतं, सुरक्षित जोडणी होत नाही असं यायचं. कुठल्याशा गेमसाठी मुलानं फोनची तारीख मागे नेऊन ठेवली होती. प्रत्येक सुरक्षित वेबसाइटकडे एक प्रमाणपत्र असतं आणि त्यावर ते कधीपासून कधीपर्यंत चालेल हे लिहिलेलं असतं. फोन ते स्वतःच्या घड्याळाशी ताडून बघतो. घड्याळ दोन वर्षं मागे असेल, तर फोनच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही, मग तो दार उघडत नाही. सेटिंग्जमध्ये तारीख-वेळ आपोआप घेण्याचा पर्याय चालू केला की काम होतं. माझ्या फोनवर तो चालूच होता, वेळही बरोबर होती.

मग वरच्या पट्टीकडे लक्ष गेलं. वाय-फायची खूण भरलेली दिसत होती, आणि गावच्या घरात तर वाय-फाय नाही! फोन माझ्या कॅमेऱ्यालाच जोडला गेला होता. शेवटच्या कामानंतर कॅमेऱ्याचं वायरलेस मी बंद केलं नव्हतं, ओळखीचं नाव दिसताच फोन त्याला जाऊन चिकटला. कॅमेरा स्वतःचं जे वाय-फाय सोडतो ते फक्त त्याच्या आणि फोनच्या मधलं असतं, त्याच्या पलीकडे इंटरनेट नसतं. फोटो घ्यायला ते चालतं. साइन-इनला मात्र कंपनीच्या सर्व्हरपर्यंत पोहोचावं लागतं, आणि फोन तर वाय-फायवर विसंबून मोबाईल डेटा बाजूला ठेवून बसलेला. कॅमेरा बंद केला, फोनचं वाय-फाय बंद केलं, मोबाईल डेटा चालू केला. ही चूक इतकी साधी आणि इतकी सर्रास होणारी आहे की कुणीही असं काही विचारलं तर मी आता आधी हाच प्रश्न विचारते, साइन इन करताना कॅमेरा चालू होता का?

नेटवर्कची ओळ गेली. बटण दाबल्यावर ब्राउझर उघडला, पण पान कोरं. पांढरं पान आणि वरती सरकून अर्ध्यात थांबलेली निळी रेघ. गावात रेंजचं कायमचं रडगाणं आहे, म्हणून मी धाब्यावर, म्हणजे घराच्या गच्चीवर गेले. तिथून बोरी नदीपलीकडचा टॉवर दिसतो आणि चार काड्या येतात. बातम्या उघडत होत्या, व्हॉट्सअ‍ॅप चालत होतं. साइन-इनचं पान मात्र पांढरंच राहिलं.

इथे माझ्या हातून एक गोष्ट घाईत झाली. मी अ‍ॅपचा कॅशे, म्हणजे त्यात साठलेला तात्पुरता डेटा, पुसला, त्यानं काही झालं नाही, म्हणून अ‍ॅपच काढून टाकलं आणि पुन्हा घेतलं. पान तसंच पांढरं, आणि वर कॅमेऱ्याशी असलेली अ‍ॅपची जुनी ओळख पुसली गेली. साइन-इनचा घोळ फोन आणि कंपनीच्या मधला असताना अ‍ॅप काढून टाकल्यानं सहसा काही मिळत नाही, उलट कॅमेऱ्याची जोडणी नव्यानं करण्याचं काम वाढतं. अ‍ॅप काढणं हा शेवटचा उपाय म्हणून ठेवायला हवा होता.

तोवर खाली घरात बातमी पसरली होती. मोठे जेठ म्हणाले, "कस्टमर केअरला फोन लावू ना, नंबर मिळाला." त्यांनी गूगलवर शोधून एक मोबाईल नंबर काढला होता आणि लावलाही होता. पलीकडचा माणूस गोड हिंदीत बोलत होता. कॅमेरा कुठला, हेसुद्धा त्यानं विचारलं नाही. म्हणाला, एक अ‍ॅप डाउनलोड करा, त्यातला नऊ आकडी कोड सांगा, मी इथून बघून दुरुस्त करतो. मी जेठांच्या हातातून फोन घेतला आणि कट केला. असं अ‍ॅप घेतलं की आपली स्क्रीन त्या माणसाला दिसते, येणारे ओटीपी दिसतात, आणि ज्या फोनवर हे सगळं चाललं होतं त्यातच कापसाच्या पैशाचं बँक खातं होतं. जेठ जरा दुखावले, पण मी त्यांना शेजारी बसवून समजावलं. कंपनीचा नंबर हवा तर तो वॉरंटी कार्डावरून घ्यायचा किंवा कॅमेऱ्याच्या खोक्यावरून, शोधात वर आलेला मोबाईल नंबर कधीच नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करायचा, तो सायबर फसवणुकीसाठीचा सरकारी क्रमांक आहे. त्यांनी तो नंबर तिथल्या तिथे फोनमध्ये साठवला. त्या रात्रीतलं हे मला साइन-इनपेक्षाही मोठं वाटतं, म्हणून इतकं सविस्तर लिहिलं.

पुतण्याचा उपाय वेगळा होता. अपडेटच्या आधीचं जुनं अ‍ॅप दुसऱ्या एका साइटवरून उतरवायचं. सूचना चुकीच्या मनानं केलेली नव्हती, पण मी नाही म्हटलं. प्ले स्टोअरच्या बाहेरून आलेल्या फाइलमध्ये कुणी काय मिसळलं असेल, ते आपल्याला कळायला मार्ग नाही, आणि माझ्या फोनमध्ये दहा घरच्या लेकीसुनांचे फोटो असतात. तो विश्वास मी धोक्यात घालणार नाही.

रात्रीचे नऊ वाजत आले. मी चहा घेतला आणि कागद-पेन मागवलं.

चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांचं घर आहे, आता ते संग्रहालय आहे. टेबलटॉप फोटोग्राफीसाठी ते ओळखले जातात. घरातल्याच लहानसहान वस्तू टेबलावर मांडून त्यांनी काढलेल्या फोटोंत डोंगर, वाटा, वस्त्या दिसतात. विशीत असताना मी ते फोटो पहिल्यांदा बघितले आणि घरी येऊन ज्वारी, कापूस आणि भाकरीच्या पिठाचे ढीग मांडून तसं काही करायचा नाद लागला. एका वेळी दोन वस्तू हलवल्या तर चित्र कशामुळे बिघडलं ते कळत नाही, हे मला त्या नादातून समजलं. एक हलवायची, बघायचं, मग दुसरी. त्या रात्री धाब्यावर बसून मी तेच केलं. कागदावर तीन रकाने पाडले: माझा फोन, माझं नेटवर्क, कंपनीची बाजू. यातलं नेमकं कोण अडवतंय?

आमच्या ह्यांचा फोन घेतला. त्यावर तेच साइन-इनचं पान उघडलं, त्यांच्याच डेटावर. दोन सेकंदांत उघडलं. म्हणजे कंपनीची बाजू धडधाकट होती. मग त्यांच्या फोनचा हॉटस्पॉट लावला आणि माझा फोन त्याला जोडला. माझ्या फोनवर पान पांढरंच. म्हणजे नेटवर्कही सुटलं. दोष माझ्या फोनमध्ये होता. ह्या दोन चाचण्यांना पाच मिनिटंही लागली नाहीत, आणि त्याआधीचे दोन तास मी नुसती चाचपडत होते. मग दुसऱ्या ब्राउझरमध्ये पान उघडून बघितलं, तरी पांढरं. म्हणजे ब्राउझरच्याही खालचं काहीतरी होतं.

ह्यांच्या फोनवर नाही आणि माझ्या फोनवर आहे, असं काय? दोन्ही फोन शेजारी ठेवून मी सेटिंग्जची एकेक पाटी ताडून बघू लागले. व्हीपीएन दोन्हीकडे नाही. डेटा सेव्हर दोन्हीकडे बंद. प्रायव्हेट डीएनएस म्हणून एक ओळ आहे, तिथे ह्यांच्या फोनवर 'ऑटोमॅटिक' होतं आणि माझ्या फोनवर कुठल्यातरी सर्व्हरचं लांबलचक नाव टाइप केलेलं.

नणंदेच्या मुलाला फोन लावला, तो नाशिकला नोकरीला असतो. "अहो मामी, ते मीच दिवाळीला टाकून दिलं होतं. तुम्ही म्हणाल्या होत्या ना, जाहिराती फार येतात म्हणून." खरंच, मीच म्हटलं होतं. आणि त्यानंतर जाहिराती गेल्याही होत्या, मी विसरून गेले.

त्यानं मला समजावून सांगितलं ते असं. आपण वेबसाइटचं नाव लिहितो, पण फोनला हवा असतो आकड्यांतला पत्ता. नाव सांगितलं की पत्ता सांगणारी जी व्यवस्था आहे ती डीएनएस. २०१८ साली आलेल्या अँड्रॉइड ९ पासून फोनमध्ये आपल्या पसंतीचा असा पत्ता सांगणारा नेमता येतो, तेच प्रायव्हेट डीएनएस. जाहिराती अडवणारा सर्व्हर तिथे नेमला, तर जाहिरातींच्या आणि पाळत ठेवणाऱ्या नावांचे पत्ते तो सांगतच नाही, मग त्या जाहिराती येत नाहीत. साइन-इनच्या पानाचा एखादा तुकडा अशाच अडवलेल्या पत्त्यावरून येणार असेल, तर पान अर्धवट राहतं आणि आपल्याला पांढरं दिसतं. बातम्या आणि व्हॉट्सअ‍ॅप ठणठणीत चालतात, म्हणून संशय तिकडे जातच नाही. आणि ही नेमणूक सगळ्या नेटवर्कना लागू असते, त्यामुळे ह्यांच्या हॉटस्पॉटवर जाऊनही फरक पडला नव्हता. मी ते 'ऑटोमॅटिक' केलं. पान उघडलं. धाब्यावरून मी इतक्या मोठ्यानं हाक मारली की खाली जाऊबाईंना वाटलं काही चावलं.

पान उघडलं, आणि पुढची अडचण आली. माझा ईमेल, माझा पासवर्ड टाकला, तर माहिती जुळत नाही. वेगळे पासवर्ड टाकून बघितले. पासवर्ड विसरलात का, तिथे गेले, ईमेल टाकला. उत्तर आलं की हे खातं अस्तित्वात असेल तर त्यावर मेल पाठवला आहे. मेल आला नाही. स्पॅममध्ये बघितलं, जाहिरातींच्या कप्प्यात बघितलं, काही नाही.

त्या वाक्यातल्या 'असेल तर' कडे माझं लक्ष आधी गेलंच नव्हतं. खातं असलं काय, नसलं काय, बऱ्याच कंपन्या मुद्दाम एकच उत्तर देतात. नाहीतर कुणीही येऊन कुणाचं खातं कुठे आहे ते शोधून काढेल. त्यामुळे मेल पाठवला असं वाचून वाट बघत बसण्यात अर्थ नाही. दहा मिनिटांत आला नाही, तर ह्या ईमेलवर खातंच नाही, असं धरून शोधाला लागावं. देश चुकीचा निवडला गेला असला तरी असं होऊ शकतं, म्हणून तेही बघून घेतलं. भारतच होता.

खातं कधी उघडलं असेल, हे आठवू लागले. कॅमेरा घेतला तेव्हा दुकानातल्या मुलानं वॉरंटीसाठी म्हणून फोनवर काहीतरी भरलं होतं. मी तेव्हा लेन्स बघण्यात दंग होते. त्यानं कुठला ईमेल घातला, मला माहीत नाही. इथे मला एक युक्ती सुचली आणि ती फार कामाला आली. कॅमेऱ्याच्या तळाशी अनुक्रमांक असतो, इवल्याशा अक्षरांत. टॉर्च लावून तो वाचला आणि माझ्या मेलमध्ये शोधला. नाही मिळाला. मग ह्यांच्या मेलमध्ये शोधला, आणि तीन वर्षांपूर्वीचा नोंदणीचा मेल पुढ्यात आला. स्टुडिओचा जीएसटी ह्यांच्या नावानं आहे, बिल ह्यांच्या नावानं झालं, आणि त्या मुलानं बिलावरचाच ईमेल भरला होता. खातं ह्यांच्या मेलवर होतं, आणि मी माझ्या मेलनं दार ठोठावत होते. कंपनीचं नाव शोधलं असतं तर शंभर जाहिरातींचे मेल आले असते. अनुक्रमांकानं नेमका एकच आला.

आता ह्यांच्या ईमेलवर पासवर्ड बदलायला घेतला. सहा आकडी कोड येणार होता. तो यायला उशीर झाला म्हणून मी 'पुन्हा पाठवा' दोनदा दाबलं. मग तीन कोड लागोपाठ आले, आणि मी पहिला टाकला. चुकला. दुसरा टाकला, चुकला. नवा कोड मागितला की सहसा आधीचे रद्द होतात, चालतो तो फक्त सगळ्यात शेवटचा. हे कळेपर्यंत खूप प्रयत्न झाले होते. खातं तात्पुरतं बंद, नंतर प्रयत्न करा, अशी ओळ आली. अकरा वाजले होते. अशा वेळी सारखं टाकत राहिलं की बंदीचा वेळ वाढू शकतो, हे मला एका बँकेच्या अ‍ॅपवरून ठाऊक होतं, म्हणून फोन बाजूला ठेवला आणि गहू दळून आणलेल्या पिठाचे डबे आत नेऊ लागले. मोठ्या जाऊबाईंनी विचारलं, "व्हयनं का?" मी म्हटलं, सकाळी होईल.

रविवारी पहाटे साडेपाचला, आंघोळ करून, शांतपणे एकदाच कोड मागितला. दोन मिनिटं थांबले. आला, स्पॅममध्ये. टाकला, नवा पासवर्ड ठेवला, वहीत लिहिला. साइन-इन झाल्याचं पानानं सांगितलं, पण परत अ‍ॅपमध्ये जाईना, ब्राउझरमध्येच थांबलं. ते काम सोपं निघालं. फोनमध्ये मुख्य ब्राउझर म्हणून डेटा वाचवणारा दुसराच एक ब्राउझर लावलेला होता, त्याच्या जागी क्रोम केलं, आणि अ‍ॅपच्या माहितीत जाऊन त्याच्या लिंक त्यालाच उघडू द्याव्यात हा पर्याय चालू केला. पुन्हा बटण दाबलं आणि या वेळी पान मिटून थेट अ‍ॅप समोर आलं, वर ह्यांचं नाव.

राहिली कॅमेऱ्याची जोडणी, जी मी स्वतः अ‍ॅप काढून तोडली होती. फोनच्या ब्लूटूथ यादीत कॅमेरा होता, कॅमेऱ्याच्या यादीत फोन होता, पण नव्यानं आलेलं अ‍ॅप दोघांनाही ओळखत नव्हतं. अशा वेळी दोन्हीकडून नाव पुसावं लागतं. एकीकडूनच पुसलं तर दुसरा जुनी ओळख धरून बसतो आणि जोडणी अर्ध्यात तुटते. दोन्ही पुसलं आणि जोडणी अ‍ॅपच्या आतून सुरू केली. अँड्रॉइड १२ पासून जवळच्या उपकरणांसाठी वेगळी परवानगी लागते, ती अ‍ॅपनं मागितली आणि मी दिली. त्याआधीच्या फोनवर ब्लूटूथनं शोधायला लोकेशनची परवानगी लागायची, म्हणून जुना फोन असेल तर लोकेशन चालू आहे का तेही बघावं. ओट्यावरच्या तुळशीचा एक फोटो काढला. चार-पाच सेकंदांत तो फोनवर उतरला. तेव्हा सात वाजले होते आणि आत पुरणाची डाळ शिजायला लागली होती.

रविवारी रात्री फोटो काढताना मला दुसरं काहीच सुचलं नाही. चौरंगावर कानबाई बसली होती, नारळाला चांदीचे डोळे, नाकात नथ, हिरव्या बांगड्या, वर फुलांचा मांडव. समईच्या चार वाती. फ्लॅश मी लावत नाही, समईचा उजेड मरतो. एफ १.८ वर उघडलेली लेन्स, आयएसओ ३२००, शटर ऐंशीवर, आणि श्वास रोखून क्लिक. डोळ्यांवर नेमका फोकस बसला पाहिजे, कारण इतक्या उघड्या लेन्सला डोळा धरला तर कान सुटतो. तिसऱ्या फोटोत मला हवी ती नजर सापडली.

अ‍ॅपमध्ये लहान आकाराचा फोटो घेण्याचा पर्याय असतो. मोठीमायसाठी मी पूर्ण आकाराचा घेतला, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवला, म्हणजे तो दाबून लहान केला जात नाही. धाब्यावर जाऊन पाठवला. निळ्या खुणा दिसल्या. खाली गाणी सुरू झाली होती, पण कुणी उचलत नव्हतं, दोन ओळी म्हणून थांबत होते.

पाच मिनिटांनी सुरतहून आवाजी संदेश आला. मला वाटलं गाणं असेल. मोठीमाय घाईघाईत बोलत होत्या, "बेटा, डावा डोया निसटी ऱ्हायना. खालथीन दखाय ऱ्हायनं. मेन लावा त्याले."

मी फोटो मोठा करून बघितला. डाव्या डोळ्याच्या खालच्या कडेला केसाएवढी फट होती. खोलीतल्या पन्नास माणसांना ती दिसली नव्हती. समईच्या उबेनं मेण सैल झालं होतं. मी खाली धावत गेले, मोठ्या जाऊबाईंच्या कानात सांगितलं. त्यांनी गाणं थांबवून, हात धुऊन, मेणाचा खडा बोटांत मऊ केला आणि डोळ्याखाली दाबला. मी त्याचाही फोटो काढून पाठवला. मग फोनच्या स्पीकरवर सुरतहून पहिली ओळ आली, जरा कापरी, पण सूर लागलेली, आणि खोलीतल्या सगळ्या बायकांनी ती उचलली.